पुरावा कोणी कोणी पाहिला?

पोलीस ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत काय काय पडलेलं असतं! गोणपाटात गुंडाळलेला कोयता, प्लास्टिकच्या कॅनमधली हातभट्टीची दारू, रक्त वाळून कडक झालेला शर्ट. प्रत्येकाला सुतळीने बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर गुन्हा रजिस्टर नंबर, कलम, जप्तीची तारीख, दोन पंचांच्या सह्या आणि गाठीवर लाखेचं सील. पद्धत जुनी आणि किचकट आहे, पण तिच्यामागचा हेतू साधा आहे. जप्त झाली तीच वस्तू कोर्टासमोर आली, मधे कोणी तिच्यात ढवळाढवळ केली नाही, हे दाखवता आलं पाहिजे. ठाण्यातून 'सीए'कडे, म्हणजे रासायनिक विश्लेषकाच्या प्रयोगशाळेत, तिथून परत ठाण्यात, मग कोर्टाच्या नाझराकडे, अशा प्रत्येक हातबदलाची नोंद होते. एक नोंद राहिली की बचावाचा वकील नेमकं तिच्यावरच बोट ठेवतो.

या सगळ्या नोंदींमध्ये एक रकाना मात्र कधीच नव्हता, कारण त्याची गरज कोणाला भासली नव्हती. मधल्या काळात ही वस्तू कोणी कोणी पाहिली? कोयता शंभर जणांनी पाहिला तरी कोणाचं काही जात नाही. पण त्या पाकिटात मेमरी कार्ड असेल आणि कार्डात एखाद्या बाईवरच्या अत्याचाराचं चित्रण असेल, तर नुसतं पाहणं हीच इजा ठरते. माझ्या मते पीडितांच्या खासगीपणाचा बराचसा घोळ इथेच आहे. आपली व्यवस्था पुरावा बदलू नये म्हणून जिवाचं रान करते. तो विनाकारण पाहिला जाऊ नये, हे तिला अलीकडे कुठे उमगू लागलं आहे.

केरळातल्या एका खटल्यात हे दोन प्रश्न अगदी सुटे सुटे दिसले. 17 फेब्रुवारी 2017 च्या रात्री कोचीकडे निघालेल्या एका अभिनेत्रीचं वाटेत अपहरण झालं. धावत्या गाडीत तिच्यावर अत्याचार करून त्याचं मोबाइलवर चित्रण केलं गेलं. ते चित्रण असलेलं मेमरी कार्ड न्यायालयाच्या ताब्यात आलं. पुढे प्रयोगशाळेत तपासणी झाली तेव्हा कार्डाची 'हॅश व्हॅल्यू' बदललेली आढळली.

हा हॅश प्रकार समजून घ्यायला हवा, कारण यापुढच्या प्रत्येक खटल्यात तो भेटणार आहे. संगणकातल्या फाइलवर एक ठरावीक गणिती प्रक्रिया चालवली की अक्षरं आणि आकडे मिसळलेली एक ओळ मिळते. शा-256 या पद्धतीत ती 64 अक्षरांची असते. फाइल तीन तासांची असो की तीन सेकंदांची, ओळ तेवढीच. फाइलमध्ये एक बिंदू बदलला तरी ती ओळ ओळखू येणार नाही इतकी पालटते. ओळीवरून मूळ फाइल मात्र पुन्हा उभी करता येत नाही. अंगठ्याच्या ठशावरून माणूस पटवता येतो, पण त्याचा चेहरा काढता येत नाही, तसं हे आहे. जप्तीच्या वेळची हॅश पंचनाम्यात लिहून ठेवली आणि कोर्टात तीच निघाली, तर फाइल जशीच्या तशी आहे म्हणायला हरकत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात ही हॅश लिहावीच लागते.

केरळच्या त्या कार्डावर प्रयोगशाळेला तीन तारखा सापडल्या: 9 जानेवारी 2018, 13 डिसेंबर 2018 आणि 19 जुलै 2021. या तीन दिवशी कार्ड उघडलं गेलं होतं. पहिल्या दोन वेळा रात्री, आणि तिसऱ्यांदा तर चक्क एका मोबाइलमध्ये घालून. या तिन्ही वेळी कार्ड पोलिसांकडे किंवा आरोपीकडे नव्हतं, न्यायालयांच्या कस्टडीत होतं. आता खरी गोम अशी की, बदललेली हॅश कार्डाची होती, आतल्या चित्रफितींची नव्हती. मोबाइलमध्ये कार्ड घातलं की मोबाइल स्वतःहून त्यावर काही फोल्डर तयार करतो. तेवढ्याने कार्डाचा ठसा बदलतो, फिती तशाच राहतात. पुराव्याच्या चष्म्यातून पाहिलं तर काहीच बिघडलं नव्हतं. कोणी काही पुसलं नव्हतं, काही जोडलं नव्हतं. फक्त पाहिलं होतं, किंवा पाहण्यासाठी उघडलं होतं. ज्या बाईचं ते चित्रण होतं तिने न्यायालयाचं दार ठोठावलं, आणि डिसेंबर 2023 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने चौकशीचा आदेश दिला. अशा चित्रणाचं पाकीट वेगळी खूण करून सीलबंद ठेवायचं, कुलपात ठेवायचं, लेखी आदेशाशिवाय उघडायचं नाही, उघडलं तर कोणी आणि का याची नोंद करायची, अशा सूचनाही त्यासोबत दिल्या. त्या वाचताना वाटतं, हे तर नाझराला कोणीही सांगू शकलं असतं. पण कागदावर यायला 2023 उजाडलं.

याच खटल्याने आणखी एक गाठ सोडवली होती. दोषारोपपत्रासोबतच्या कागदपत्रांच्या नकला आरोपीला मिळाल्याच पाहिजेत, हा त्याचा हक्क आहे आणि तो असायलाच हवा. आपल्याविरुद्ध काय आहे हे न कळता कोणी बचाव कसा करणार? आरोपींपैकी एका अभिनेत्याने याच हक्काने त्या चित्रणाची नक्कल मागितली. सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला: मेमरी कार्डातला मजकूर हा 'दस्तऐवज' आहे की नुसती 'वस्तू'? वस्तू असेल तर नकलेचा प्रश्नच येत नाही. 29 नोव्हेंबर 2019 रोजी न्यायमूर्ती अजय खानविलकर आणि दिनेश माहेश्वरी यांनी सांगितलं की तो दस्तऐवजच आहे आणि एरवी त्याची प्रत द्यावी लागेल. पण जिथे पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न आहे तिथे न्यायालय प्रत नाकारून फक्त पाहणीची मुभा देऊ शकतं. आरोपी, त्याचा वकील आणि तज्ज्ञ यांनी न्यायालयाने ठरवून दिलेल्या रीतीने चित्रण पाहावं, तपासावं, पण सोबत नेऊ नये. (डिसेंबर 2025 मध्ये सत्र न्यायालयाने सहा जणांना दोषी ठरवलं. या अभिनेत्याची निर्दोष मुक्तता झाली.) अमेरिकेत मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या चित्रणाबाबत 2006 च्या कायद्याने हाच मार्ग धरला होता. माल सरकारच्या किंवा कोर्टाच्या ताब्यातून हलणार नाही, बचाव पक्षाला तिथे येऊन तपासण्याची पुरेशी संधी द्यायची. मला हा तोडगा पटतो. बचावाचा हक्क पाहण्यातून पुरा होतो, बाळगण्याची त्यासाठी गरज नाही.

चित्रणाचं एवढं सविस्तर सांगितलं, पण रोजच्या खटल्यांत खासगीपणा जातो तो मेमरी कार्डातून कमी आणि साध्या कागदातून जास्त. त्यासाठी थोडं मागे, आपल्या विदर्भात जावं लागेल. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात दोन पोलिसांनी एका आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याचा खटला झाला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आज ते गडचिरोलीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये दोघांनाही सोडून दिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. त्याच दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम 228-अ आलं. पीडितेची ओळख छापणं किंवा उघड करणं हा गुन्हा ठरला. बलात्काराचे खटले बंद दाराआड चालवायचे, हेही तेव्हाच ठरलं. आता हाच नियम भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 मध्ये आहे आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत. ज्या मुलीमुळे हे कलम आलं, तिच्या नावानेच तो खटला आजही कायद्याच्या पुस्तकांत शिकवला जातो. म्हणून मी ते इथे लिहीत नाही, एवढंच.

नाव झाकलं की ओळख झाकली गेली, असं कायदा मानत नाही. बालकांच्या संरक्षणाचा पॉक्सो कायदा तर स्पष्ट सांगतो की ओळखीत कुटुंब, शाळा, नातेवाईक, शेजार असं सगळं येतं. आता घटनास्थळाचा पंचनामा घ्या. त्यात चतुःसीमा लिहायची असते: पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस तमक्याचा गोठा, दक्षिणेस मारुतीच्या देवळाकडे जाणारा रस्ता. नावाच्या जागी 'पीडिता' लिहिलं आणि चतुःसीमा तशीच ठेवली, तर हजार वस्तीच्या गावात कोणाला काय कळायचं बाकी राहतं? पंच म्हणून सही करणारे तर बहुधा त्याच आळीतले. बातम्यांचंही तेच. 'पीडितेचं नाव गुप्त ठेवण्यात आलं आहे' असं शेवटी छापायचं आणि वर वय, इयत्ता, गाव, वडिलांचा धंदा, सगळं द्यायचं. आरोपी बापच असेल तर त्याचं नाव देणं म्हणजे मुलीचं नाव देणंच.

सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 2018 रोजी निपुण सक्सेना खटल्यात यावर बरीच मेहनत घेतली. दुरूनही ओळख पटेल असा तपशील नको. लैंगिक गुन्ह्यांच्या फिर्यादी संकेतस्थळावर टाकायच्या नाहीत. ज्या कागदांवर नाव आहे ते शक्य तितके सीलबंद ठेवायचे आणि नाव काढलेले तसेच दुसरे कागद रेकॉर्डवर वापरायचे. पीडितेचा मृत्यू झाला असला तरी नातेवाइकांच्या परवानगीने सुद्धा नाव उघड करायचं नाही. तशी गरज वाटली तर सत्र न्यायाधीश ठरवतील. हा शेवटचा भाग का आला ते कठुआत दिसलं होतं. त्याच वर्षी, बलात्कार करून मारल्या गेलेल्या जम्मूतल्या त्या लहान मुलीचं नाव आणि फोटो देशभर फिरले, आणि ती ओळख उघड केल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने माध्यमसंस्थांना प्रत्येकी 10 लाख रुपये भरायला लावले. तरी ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्यातल्या डॉक्टर तरुणीच्या खुनानंतर पुन्हा तेच झालं, आणि नाव आणि फोटो समाजमाध्यमांवरून काढा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. मेणबत्त्या घेऊन निघालेल्या लोकांनीच ते नाव फलकांवर लिहिलं होतं. सहानुभूती असली की कायदा लागू होत नाही, असा एक गोड गैरसमज आपल्याकडे आहे.

कागदाचा एक साधा प्रवास सांगतो. दोषारोपपत्राच्या नकला जितके आरोपी तितक्या काढाव्या लागतात. पाच आरोपी असतील तर वैद्यकीय अहवाल, फोटो, जबाब, सगळ्याचे पाच गठ्ठे. ठाण्यातलं यंत्र कित्येकदा बंद असतं किंवा कागद संपलेला असतो, मग शिपाई गठ्ठा उचलून कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जातो. सीलबंद लिफाफ्याचा निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींना हे दुकान दिसलं नसेल. पण खासगीपणा कुठे गळतो ते शोधायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागेल.

पीडितेचं शरीर हाही पुरावाच असतो, आणि तिथे कायद्याने फार काळ लाज आणली. 2003 पर्यंत साक्ष कायद्यात असं कलम होतं की बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी बाई 'सर्वसाधारणपणे अनीतिमान' असल्याचं दाखवून तिची साक्ष खोटी पाडता येई. कलम गेलं, पण त्याचा वैद्यकीय भाऊ, तथाकथित 'टू फिंगर टेस्ट', दवाखान्यांत टिकून राहिला. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या तपासण्यांच्या भयानक दर्जावर अहवाल लिहिला, प्रकरण नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ही चाचणी खासगीपणाचा भंग ठरवली आणि 31 ऑक्टोबर 2022 रोजी, ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असं बजावलं. केंद्राच्या आरोग्य खात्याची 2014 ची मार्गदर्शक तत्त्वं आणखी महत्त्वाची गोष्ट सांगतात. तपासणीला संमती लागते आणि ती तुकड्यातुकड्यांत देता येते. उपचार हवेत पण नमुने नकोत, असं ती म्हणू शकते, आणि म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

घेतलेला नमुना दुसऱ्याच कामाला वापरला गेला तर? सॅन फ्रान्सिस्कोत तसं झालं. 2016 मध्ये एका बाईने बलात्काराच्या तपासासाठी डीएनए दिला. तो पोलिसांच्या स्थानिक साठ्यात तसाच राहिला आणि काही वर्षांनी त्याच्याच आधारे तिला मालमत्तेच्या एका गुन्ह्यात अटक झाली. फेब्रुवारी 2022 मध्ये तिथले जिल्हा सरकारी वकील चेसा बुदीन यांनी हे उघड केलं आणि आरोप मागे घेतला. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी कायदा करून असा वापर बंद केला. पीडिता म्हणून दिलेल्या गोष्टीचा आरोपी म्हणून उपयोग झाला, तर पुढच्या वेळी दवाखान्यात कोण येईल?

मोबाइलचं दुखणं याच जातीचं, फक्त मोठं. इंग्लंडमध्ये एप्रिल 2019 मध्ये फिर्यादींकडून फोनमधली माहिती घेण्यासाठी एक संमतीपत्र आणलं होतं. त्याचा सूर असा की फोन दिला नाही तर तपास थांबू शकतो. वर्षानुवर्षांचे मेसेज, फोटो, सगळं उघडं. ओरड झाली, जुलै 2020 मध्ये ते पत्र मागे घेतलं, आणि 2022 च्या कायद्याने अशा मागणीला मर्यादा घातल्या. आपल्याकडे उलट दिशेने एक पाऊल पडलं आहे आणि त्यावर फारशी चर्चा नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं, बलात्कार पीडितेचा जबाब मोबाइलवर सुद्धा चित्रित करता येईल असं म्हटलं. हेतू चांगला आहे. एकदा नीट नोंदवलेला जबाब पुन्हा पुन्हा सांगावा लागू नये. पण तपासी अंमलदाराचा मोबाइल आता स्वतःच मुद्देमालाची खोली झाला आहे. तिला कुलूप कोणतं?

हे सगळं सांभाळलं तरी शेवटी निकालपत्र उरतंच. एका नामांकित संपादकाविरुद्ध गोव्यात चाललेल्या बलात्काराच्या खटल्यात म्हापशाच्या सत्र न्यायालयाने 21 मे 2021 रोजी त्याची निर्दोष मुक्तता केली. पाचशेहून अधिक पानांचं निकालपत्र. खटला बंद दाराआड चालला होता, पण निकालात फिर्यादीच्या घरच्यांची नावं, तिचा ईमेल पत्ता असे उल्लेख राहिले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने आठवड्याच्या आत, संकेतस्थळावर टाकण्यापूर्वी ते काढून टाका, असा आदेश दिला. निर्दोष सुटण्याचा आरोपीचा हक्क वेगळा, आणि त्यासाठी तिच्या घरच्यांची नावं चव्हाट्यावर आणण्याचं कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने निकालपत्रांत नाव टाळा, असं 1996 च्या गुरमीत सिंग खटल्यातच सांगून ठेवलं होतं.

एवढं वाचून वाटेल की पीडितेचा खासगीपणा म्हणजे जितकं झाकता येईल तितकं झाकणं. फ्रान्समधल्या जिझेल पेलिको यांनी 2024 मध्ये नेमकं उलट केलं. नवऱ्याने त्यांना वर्षानुवर्षं गुंगीचं औषध देऊन परक्या पुरुषांकडून अत्याचार करवले आणि त्याच्या फिती जपून ठेवल्या. बंद दाराआडच्या सुनावणीचा हक्क पेलिको यांनी सोडला. आव्हिन्योच्या न्यायाधीशांनी सप्टेंबरमध्ये फिती पत्रकार आणि प्रेक्षकांना दाखवायच्या नाहीत असं ठरवलं, तेव्हा त्यांच्या वकिलांनी विरोध केला आणि 4 ऑक्टोबरला निर्णय फिरला. आरोपी सांगत होते की आम्हाला तिची संमती वाटली. फितींमध्ये दिसणारी बाई गाढ झोपेत होती. 19 डिसेंबरला 51 पुरुष दोषी ठरले. हे पाहून सगळ्यांनीच समोर यावं, असा सूर आपल्याकडेही लागला होता, तो मला पटला नाही. त्यांच्या धैर्यात सगळ्यात मोलाचं होतं ते हे, की निर्णय त्यांचा होता. आपल्याही कायद्यात हयात, सज्ञान पीडितेला स्वतःची ओळख लेखी संमतीने उघड करता येते. केरळची ती अभिनेत्री पुढे स्वतःहून लोकांसमोर आलीच. पण न्यायालयाच्या ताब्यातलं कार्ड रात्री उघडणाऱ्याने तिला विचारलं नव्हतं.

आणि खटला संपल्यावर? निकालाच्या शेवटच्या पानावर एक ठरलेलं वाक्य असतं: मुद्देमाल निरुपयोगी असल्याने अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावा. कपडे जाळले जातात, त्याचा पंचनामा होतो. चित्रणाचं तसं नाही. सील केलेल्या कार्डाला मुद्देमालाचा नंबर असतो, म्हणून आदेश त्याच्यापर्यंत पोचतो. प्रयोगशाळेच्या संगणकातली प्रत, तपासी अंमलदाराने सोयीसाठी लॅपटॉपवर घेतलेली प्रत, सरकारी वकिलाचा पेन ड्राइव्ह, यांना नंबर नसतो. प्रत काढतानाच तिला नंबर दिला, कोणाकडे दिली ते रजिस्टरवर चढवलं आणि हॅश लिहून ठेवली, तर नष्ट करताना ती यादी धरून एकेक मागवता येईल. एका रजिस्टरचं काम आहे. छापील नमुना मात्र अजून कुठल्या ठाण्यात टांगलेला नाही.